माघातली अर्धशिशी

आमच्या घरात फोटोंचा एक कायदा होता. गेलेली माणसं भिंतीवर, हार घालून. असलेली माणसं कपाटावर, स्टँडात. काकांचा फोटो यातल्या कुठल्याच जागी नव्हता. तो रेडिओवर होता. त्याला हार घालायचा नाही आणि त्याच्याबद्दल आजीसमोर बोलायचं नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. फोटोत काका हवाई दलाच्या पोशाखात, टोपी एका कानावर कललेली, चेहऱ्यावर जगातलं सगळं समजल्याचा भाव. वय बावीस. मी सत्तरी कधीच ओलांडली, पण त्या पोराला अजून काकाच म्हणते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. महायुद्धात ते बाँबफेकी विमानावर होते. विमानात तिघं असायचे. एक चालवणारा, एक नकाशा बघून वाट सांगणारा, आणि तिसरे आमचे काका, बिनतारी यंत्र सांभाळणारे आणि वेळ आली की मशीनगनवर बसणारे. एक दिवस ब्रह्मदेशाच्या बाजूला गेलेलं विमान परत आलं नाही. घरी तार आली, 'बेपत्ता'. गेले असं नाही, बेपत्ता. तेवढ्या एका तारेवर आमच्या घरानं चाळीस वर्षं काढली.

काकू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मूलबाळ नाही. पुढे माझी आई मी चार वर्षांची असताना गेली आणि तेव्हापासून मला न्हाऊमाखू घालणं, वेण्या घालणं, पाठीत धपाटे घालणं, सगळं काकूनं केलं. त्यामुळे या सगळ्यात तू कुणाच्या बाजूची, असं कुणी विचारलं तर मला आजही धड सांगता येत नाही. आणि त्याचा मला राग येतो.

बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. काकू जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. कपाळावर मेण लावून रेखलेलं, बंद्या रुपयाएवढं कुंकू. हळदीकुंकवाला गेली की बायकांची पंचाईत व्हायची. हिची ओटी भरावी की न भरावी? कुजबुज चालायची, तबक पुढे यायचं, मागे जायचं. मग काकूच म्हणायची, "भरा की. माझ्या ओटीत पडला म्हणून नारळ काय खवट निघणार आहे?" असं बोलल्यावर कुणाची टाप आहे न भरण्याची!

एरवी ठणठणीत बाई. पण दर वर्षी थंडी सरता सरता एक दिवस तिला अर्धशिशी उठायची. त्या दिवशी शाळेत रजा, आतल्या खोलीत अंधार, अन्नाला स्पर्श नाही, आणि कपाळभर सुंठेचा जाड लेप. सुंठ आणायला बाबा स्वतः वाण्याकडे जायचे. सहाणेवर उगाळायची मी. दुसऱ्या दिवशी काकू उठायची, कपाळ धुवायची, कुंकू लावायची आणि शाळेत जायची. 'काकूची माघातली अर्धशिशी' असं आम्ही सहज म्हणायचो. दर वर्षी तारीख वेगळी असायची, तेव्हा त्यात बघण्यासारखं काही आहे हे आमच्यापैकी एकाही दीडशहाण्याच्या लक्षात आलं नाही.

मी आठ वर्षांची असताना गुरुजी घरी आले होते. माणूस नाहीसा झाला आणि बारा वर्षं त्याची काही खबर नाही, तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, आणि मग दर वर्षी श्राद्ध सुरू करायचं, अशी रीत. बिचाऱ्या गुरुजींनी ती फार हळू आवाजात सांगितली. आजी ताडकन उठली. "माझ्या जित्या मुलाला जाळायला निघालात? वाटेल तेव्हा येईल तो. तुमच्या पंचांगाला विचारून नाही येणार!"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आजी तिच्याकडे वळली. "तू सांग गं. कुंकू तुझं आहे. करायचा का पुतळा?"

काकू म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, सासूबाई."

पुतळा झाला नाही. गुरुजी चहा न घेता गेले. हे सगळं मला स्पष्ट आठवतं, कारण उरलेली बिस्किटं मला मिळाली होती.

त्यानंतर आजीनं एक नवीनच काढलं. खडकी स्टेशन आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आजी रोज संध्याकाळी चपला घालून तिथल्या बाकावर जाऊन बसायची. खडकी म्हणजे लष्कराचं गाव, गाडीतून खाकी कपड्यांतली माणसं उतरणारच. आजी एकेकाचं तोंड निरखायची. दिवेलागणीला तिला आणायला काकू जायची, कधी कधी मलाही बरोबर न्यायची. काकू आजीचा हात धरून उठवायची आणि म्हणायची, "चला सासूबाई, आज काही नाही." नऊ वर्षं हे चाललं. आजी गेली त्या दिवशी दुपारीसुद्धा तिनं चपला कुठे ठेवल्यात म्हणून विचारलं होतं.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही कर्वेनगरला सोसायटीत राहायला आलो. काकूही निवृत्त झाली. मी लग्न केलं नव्हतं, एका कचेरीत टायपिस्ट होते. त्या वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर एका सकाळी ते मला म्हणाले, "मी गेल्यावर दादाला पाणी द्यायला कुणी उरणार नाही. तो गेला तरी कधी, तेवढं मला शोधून दे. त्याच्या तिथीला एकदा तरी हातानं पाणी सोडू दे मला." बाबा मागणारे गृहस्थ नव्हते. आयुष्यात माझ्याकडे त्यांनी मागितलेली ही एवढी एकच गोष्ट.

मी लगेच कामाला लागले. काकूला सांगितलं तर ती गवार निवडता निवडता म्हणाली, "चाळीस वर्षांनी विमान शोधणार? शोध हो. सापडलं तर भाजी आणायला बरं पडेल." मला वाटलं, वाट बघून बघून आता तिला ऐकायचीच भीती वाटत असेल. मी आपली तिची कीव करत बसले.

खडकीला युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मशान आहे. हिरवळ कापलेली, सारख्या उंचीचे दगड, अक्षरं नीट. लहानपणी आम्ही तिथल्या कुंपणाशी खेळलो होतो. तिथली नावांची वही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, त्यात काकांचं नाव नव्हतं. मग ओळखीतून वारज्याचे एक निवृत्त वैमानिक भेटले. बंगल्याच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालता घालता त्यांनी मला अर्धा तास उभं ठेवलं, बसा म्हणून म्हणाले नाहीत, पण सल्ला बावनकशी दिला. "कुठे गेला, कुठे गेला असं विचारू नका. हुद्दा लिहा, सैनिक क्रमांक लिहा, आणि दिल्लीच्या अभिलेख कचेरीत पाठवा. आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहा. फाइली मरत नाहीत हो, माणसं मरतात."

सैनिक क्रमांक काकांच्या एका जुन्या पत्रावर होता. मी टाईप करायला बसले. एक पत्र, दोन पत्रं, स्मरणपत्रं. दर वेळी 'आपण कृपया' आणि 'आपली विश्वासू'. दीड वर्षानं, दिवाळी होऊन गेल्यावर, कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावे जाड पाकीट आलं. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात उभी राहून ते फोडलं.

पहिल्या पानावर इंग्रजीत सगळं होतं. विमान डोंगराला धडकलं. गावकऱ्यांनी तिघांना एकाच खड्ड्यात पुरलं होतं. लढाई संपल्यावर शोधपथक तिथे पोचलं, काकांची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटली, पण तिघांची हाडं वेगळी करता आली नाहीत, म्हणून तिघांना एकत्रच ठेवलं. मृत्यूची तारीख दिली होती. आणि शेवटचं वाक्य: ही माहिती युद्ध संपताच मृताच्या पत्नीस नोंदणीकृत टपालाने कळवण्यात आली असून तिचे उत्तर दप्तरी आहे.

दुसरं पान म्हणजे त्या उत्तराची छायाप्रत. दोन ओळींचं इंग्रजी. आपले पत्र मिळाले. यापुढे कृपया या पत्त्यावर काहीही पाठवू नये. खाली काकूची सही. ती सही मी माझ्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला पाहिली होती.

माझ्या डोळ्यांपुढे आजीचा तो बाक आला. 'चला सासूबाई, आज काही नाही.'

घरी गेले तेव्हा बाबा फिरायला बाहेर पडले होते. काकू ओट्याशी होती. मी दोन्ही पानं तिच्यापुढे आपटली. तिनं हात पुसले, चष्मा लावला. पहिलं पान बाजूला सारलं. दुसरं बराच वेळ बघितलं.

"अक्षर चांगलं होतं माझं," ती म्हणाली.

मग मात्र मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लाज कशी वाटली नाही, असं म्हटलं. आजीला कुत्र्यासारखं स्टेशनवर बसवलंस, असंही म्हटलं. ज्या बाईनं मला वाढवलं तिला मी हे म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

तिनं ऐकून घेतलं. मग स्टुलावर बसली.

"आपण तेव्हा पेठेत होतो. दोन खोल्या," ती म्हणाली. "पोस्टमन आला तेव्हा घरात सासूबाई आणि आत्याबाई. आत्याबाई तू पाहिल्या नाहीस. सासऱ्यांची बहीण. नवव्या वर्षी विधवा झालेल्या. डोक्याचा गोटा, अंगावर ते लाल आलवण. घरात काही शुभकार्य निघालं की त्या आपण होऊन कोळशाच्या खोलीत जाऊन बसायच्या. कुणी सांगावं लागायचं नाही. मी पत्र वाचलं. माझं इंग्रजी तुझ्या काकानंच पक्कं करून घेतलं होतं. आणि समोर आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पाकीट पोलक्यात घातलं. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं गं? म्हटलं, ट्रेनिंग कॉलेजचं."

"तुझे केस कुणी कापले नसते काकू. तो काळ गेला होता."

"केस नसते कापले. पण कोळशाची खोली होतीच की. नवरा परत येईपर्यंत शिकू दे हिला, म्हणून मला कॉलेजात धाडली. विधवेला कोण धाडत होतं? मी रडलेसुद्धा नाही गं. रडले असते तर कळलं असतं सगळ्यांना."

"आणि बारा वर्षांनी? गुरुजी आले तेव्हा? आजीनं तुलाच विचारलं होतं!"

"तेव्हा सांगितलं असतं तर इतकी वर्षं का नाही सांगितलंस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. दर वर्षी त्यात एक वर्ष वाढत गेलं." तिनं चष्मा काढला. "तुला काय वाटतं, त्या बाकावरून त्यांना उठवताना मला काहीच होत नव्हतं? रोज ठरवायचे, आज सांगते. त्या माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, उद्या येईल हो, तू धीर सोडू नकोस. मलाच धीर द्यायच्या त्या."

ती रडली नाही. तिच्या वाटचं मीच रडले, आणि त्यामुळे आणखी चिडले.

"भावोजींना सांग," ती म्हणाली. "मी नको म्हणणार नाही. माझ्या तोंडून मात्र निघायचं नाही ते."

बाबांच्या काठीचा आवाज जिन्यात आला. आता बघा हं माझा पराक्रम. चार मिनिटांपूर्वी जी मी त्या बाईच्या नावानं शिमगा करत होते, त्याच मी दुसरं पान उचललं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये कोंबलं. पहिल्या पानावरचं ते शेवटचं वाक्य बाबांना दाखवायचं नाही, मीच वाचून मराठीत सांगायचं, असं ठरवलं. डॉक्टरांनी बाबांना धक्का बसेल असं काही सांगू नका म्हटलं होतं. हे कारण खरंही होतं. पण त्या क्षणी मला आठवले ते डॉक्टर नव्हते. मला काकूला कोळशाच्या खोलीत जाताना बघायचं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत मी बाबांना पत्र सांगितलं. डोंगर, गावकरी, बिल्ला, एकच खड्डा. रेडिओ जाऊन टीव्ही आला होता आणि काकांचा फोटो आता टीव्हीवर होता. बाबा त्याच्याकडे बघत ढसाढसा रडले. साठीच्या पुढचा म्हातारा लहान भावासारखा रडला. मग रुमालानं तोंड पुसून, त्यांच्या कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "तारीख मिळाली, आता तिथी काढली पाहिजे. त्या सालचं पंचांग कुणाकडे असेल गं? शनिवार पेठेतल्या गुरुजींकडे असेल का?"

आतून काकूचा आवाज आला. "माघ वद्य षष्ठी."

अगदी वर्गातल्यासारखा. पाढा अडलेल्या मुलाला पुढचा आकडा सांगावा तसा. तेहतीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, प्रश्न नुसता लोंबकळत राहिलेला तिला सहन होत नसे. चुकून निघालं की मुद्दाम, हे मला कधी कळलं नाही. मी तिला विचारलंही नाही.

मी पंख्याकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "सुंठ."

काकू दारात येऊन उभी राहिली होती.

"वहिनी, सुंठ मी आणायचो," बाबा म्हणाले. "दर वर्षी मी आणून दिली तुम्हाला. कपाळ झाकायला."

काकूनं मान खाली घातली.

बाबांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, चष्मा लावला आणि मला म्हणाले, "खाली 'सोबत एक प्रत' असं लिहिलंय. ती कुठाय?" आयुष्यभर पत्रांखाली 'सोबत' टाईप करणारी मी, मला तेवढं दिसलं नव्हतं. मी पर्स उघडली. ते पान बाबांनी वाचलं, आणि मग एकच शब्द विचारला. "आईला?"



पुढचे तीन महिने बाबा काकूशी बोलले नाहीत. एकाच टेबलाशी बसून मला सांगायचे, "तुझ्या काकूला म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे." काकू मला म्हणायची, "मिठाची बरणी त्यांच्या कोपराशी आहे म्हणावं." मी टपालखात्यासारखी दोघांत. एरवी हसले असते. घरात काकूचं कुंकू दिसेनासं झालं, पण एकदम नाही. आधी मेण गेलं, मग टिकली आली, मग एक दिवस तीही नव्हती. शेजारणींनी विचारलं, तर म्हणाली, "गंध उठतं कपाळाला."

माघ वद्य षष्ठीला ओंकारेश्वराजवळच्या घाटावर विधी ठरला. दर्भाचा पुतळा, त्याला अग्नी, मग तिलांजली. आदल्या दिवशी काकू मला म्हणाली, "मी येणार आहे म्हणावं." बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही, पण सकाळी खाली तीनआसनी रिक्षा थांबवून ठेवली होती. तिघं गेलो. काकूच्या कपाळावर काहीच नव्हतं, सुंठसुद्धा नाही. इतकी वर्षं जिथे कुंकू असायचं तिथली कातडी गोल, गोरी दिसत होती. मला त्याच्याकडे बघवेना.

पुतळा हातभर लांबीचा होता. बावीस वर्षांचं माणूस, आणि एवढंसं गवत. बघता बघता जळून गेलं. मग बाबा शेवटच्या पायरीवर बसले, गुरुजींनी सांगितलं तसं काकांना तीळपाणी दिलं. तीन ओंजळी झाल्या. गुरुजी पुढे सरकणार तर बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ओंजळ पुन्हा भरली आणि सरळ मराठीत, नदीकडे बघून म्हणाले, "आई, दादा गेला गं. पूर्वीच गेला. आता तू स्टेशनावर बसू नकोस."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकूच्या तोंडून काहीतरी निघालं. त्याला रडणं म्हणता येईल का मला माहीत नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्या दोन खोल्यांत निघायला हवं होतं ते.

बाबांनी मागे वळून बघितलं. "वहिनी, इकडे या. त्याला पाणी द्या."

गुरुजी चुळबुळले. "बायका तर्पण करत नाहीत हो."

"गुरुजी, आजवर ह्या एकट्याच करत होत्या," बाबा म्हणाले. "आपण उशिरा आलो."

काकू पायऱ्या उतरली. बाबांच्या मागच्या पायरीवरूनच वाकून तिनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि काकांना दिलं, तोंडानं काही न म्हणता. मग ओंजळ पुन्हा भरली. ती तशीच धरून उभी राहिली. बोटांतून पाणी गळत होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "सासूबाईंना देऊ का?"

बाबा पाण्याकडे बघत बसले. पुढेही कधी या गोष्टीवर ते एक अक्षर बोलले नाहीत. पण तेव्हा, ओंजळीत दोन थेंब उरले असताना, ते पायरीवर थोडे बाजूला सरकले, आणि काकूला बसायला जागा झाली.